वर्गसमीकरण: अवयव पाडायचे की सूत्र लावायचे?

क्ष² − ७क्ष + १२ = ० इथे सूत्र काढून बसण्यात अर्थ नाही. गुणाकार १२, बेरीज ७, म्हणजे ३ आणि ४. दोन ओळींत उत्तर. प्रश्न येतो तो आकडे मोठे झाल्यावर.

६क्ष² + ७क्ष − २० = ० घ्या. ६ × २० = १२०; चिन्ह ऋण, म्हणून फरक ७ असलेली जोडी हवी. बहुतेक जण १ × १२० पासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. फरक लहान असेल तर वर्गमूळाच्या आसपास शोधावं. १२० चं वर्गमूळ ११ च्या जरा खाली: १० × १२, फरक २, मग ८ × १५, फरक ७. दुसऱ्याच जोडीला काम झालं. मधल्या पदाची फोड १५क्ष − ८क्ष, सामाईक काढलं की (२क्ष + ५)(३क्ष − ४) = ०. मुळं −५/२ आणि ४/३.

हेच सूत्राने केलं तर वर्गमूळाखाली ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग. उत्तर तेच, पण ५२९ हा पूर्ण वर्ग आहे हे ओळखता यायला हवं. शिवाय ब, म्हणजे क्ष च्या आधीचा आकडा (सहगुणक), ऋण असला की सूत्रातलं ‘−ब’ लिहिताना चिन्ह हमखास चुकतं.

मग सूत्र कधी? क्ष² − ६क्ष + ४ = ० मध्ये ४ च्या जोड्या दोनच, त्यातली एकही ६ देत नाही. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमूळाखाली येणारी संख्या, ३६ − १६ = २०, पूर्ण वर्ग नाही; म्हणजे पूर्णांकांत अवयव पडणारच नाहीत. सहगुणक पूर्णांक असले की ही कसोटी पक्की, म्हणून दोन-तीन जोड्या फसल्या की मी आधी विवेचक काढतो. इथे मात्र मी सूत्रही लावणार नाही: मधला सहगुणक सम आहे, तर पूर्ण वर्ग करा. (क्ष − ३)² = ५, म्हणून क्ष = ३ ± √५. सूत्र तरी याच पद्धतीतून निघालेलं आहे.

अवयव पद्धतीत एक खड्डा आहे. (क्ष − २)(क्ष − ३) = ६ दिसलं की काही जण क्ष − २ = ६ लिहून मोकळे होतात. उजवीकडे शून्य असल्याशिवाय अवयव वेगळे करता येत नाहीत. कंस सोडवून ६ डावीकडे आणलं की क्ष² − ५क्ष = ० उरतं. इथेही क्ष ने भागू नका, नाहीतर ५ हातात राहील आणि ० हे मूळ निसटेल.