नऊ महिने ‘एन्टे’ वापरल्यावर

घरचे फोटो परक्या कुणाला दिसू नयेत आणि उद्या सेवा बंद पडली तरी ते जसेच्या तसे हाती यावेत, एवढंच मला हवं होतं. वीस वर्षांचे फोटो होते, त्यामुळे जागा निवडायला वेळ घेतला.

शेवटी ‘एन्टे’ ही फोटो ऑनलाइन साठवण्याची सेवा सापडली. ‘एन्टे’ हा मल्याळम शब्द, अर्थ ‘माझं’. फोटो फोनमधून बाहेर पडण्याआधीच एन्क्रिप्ट होतात, म्हणजे किल्लीशिवाय कुणालाच पाहता येत नाहीत, आणि किल्ली आपल्याकडे राहते. सर्व्हरचा कोडही 2024 पासून खुला आहे, कुणालाही वाचून तपासता येतो. माझा कौल इथेच पडला.

पहिला महिना स्थलांतरात गेला. जुन्या सेवेकडून सगळा डेटा मागवला तर झिप फायलींचा ढीग आला. प्रत्येक फोटोसोबत त्याची माहिती ठेवणारी एक छोटी जेसन फाईल होती. आपण हाताने सुधारलेली तारीख त्या फायलीत असते, फोटोत नाही. मी एकेक झिप वेगळी उघडली. काही फोटो एका झिपमध्ये आणि त्यांची जेसन दुसऱ्याच झिपमध्ये, त्यामुळे आईच्या लग्नाचे फोटो 1978 सोडून स्कॅन केल्याच्या दिवशी जाऊन बसले. सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडून पुन्हा चढवल्या, तेव्हा तारखा जागेवर आल्या. हे काम करणाऱ्यांना कळकळीने सांगते, तारखा तपासल्याशिवाय जुनं खातं बंद करू नका.

सर्व्हरला फोटो दिसतच नसल्याने चेहरे ओळखण्याचं काम आपल्याच यंत्रावर होतं. मी दोन रात्री लॅपटॉप चालू ठेवला. सकाळी आत्याच्या चेहऱ्यावर क्लिक केलं आणि तिचे पोरवयातले फोटोही समोर आले, फार बरं वाटलं.

रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खातं उघडण्याची किल्ली, 24 शब्दांची आहे. पासवर्ड आणि ती, दोन्ही हरवलं तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. मी ते शब्द कागदावर दोनदा लिहिले. एक कागद घरच्या कागदपत्रांत आहे, दुसरा बहिणीकडे.

तरी एकट्या क्लाउडवर माझी भिस्त नाही. इथे डिलीट केलेला फोटो 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा जातो. म्हणून डेस्कटॉप अॅपमधून मूळ फायली एक्सपोर्ट करून एका हार्ड डिस्कवर ठेवते. दुसरी डिस्क बहिणीच्या घरी असते. दर तीन महिन्यांनी दोन्हींचे चेकसम, म्हणजे फाईलमधल्या डेटावरून काढलेले आणि डेटा बिघडला की बदलणारे आकडे, ताडून पाहते. सहाव्या महिन्यात घरच्या डिस्कवरच्या अकरा फायली जुळल्या नाहीत. त्यातली एक उघडली : बाबा अंगणात उभे, छातीपर्यंत फोटो स्वच्छ आणि त्याखाली नुसता करडा पट्टा. नुसतं फोल्डर पाहून हे कधीच कळलं नसतं, फाईलचं नाव आणि आकार तेच होते. बहिणीकडच्या डिस्कवर तो फोटो पूर्ण होता, अगदी पायातल्या चपलांपर्यंत. तिथून अकराही फायली परत आणल्या आणि घरची डिस्क बदलून टाकली.

‘एन्टे’ची पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे.