जुन्या चेतकला एलईडी हेडलाइट: उजेड बरा, पण ती काळी वायर सांभाळा

आधी गाडी सांगतो, म्हणजे गैरसमज नको. टू-स्ट्रोक चेतक, 12 व्होल्ट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइट थेट मॅग्नेटोवर (इंजिनासोबत फिरून वीज बनवणारा भाग). 6 व्होल्टवाल्यांनी हे वाचून वायरी कापायला घेऊ नयेत, त्यांचं गणित वेगळं. एलईडी बसवला त्याला आता हिवाळा, उन्हाळा आणि एक आख्खा पावसाळा झाला. लिहायला बसलो ते बल्बासोबत आलेल्या चिठ्ठीतल्या एका ओळीमुळे: ‘काळी वायर बॉडीला जोडा.’ या गाडीत ती बॉडीला जोडायची नाही. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

कारण साधं आहे. आपल्या हेडलाइटला एसी मिळतो. मॅग्नेटोच्या कॉइलचं एक टोक चासीला, दुसरं आरआर युनिटशी (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर) जोडलेलं आणि तिथून स्विचला. तारेच्या बल्बला एसी-डीसी सगळं सारखंच, तार तापली की झालं. एलईडी मात्र अर्ध्याच लहरीवर पेटतो आणि आयडलिंगला असा लुकलुकतो की समोरच्याला वाटावं, आपण पासिंग देतोय. म्हणून मध्ये ब्रिज रेक्टिफायर लागतो, म्हणजे एसीचं डीसी करणारा चार डायोडचा तुकडा. केबीपीसी2510 पुरे, पुण्यात तपकीर गल्लीत शंभराच्या आत मिळतो. कापलेल्या कोपऱ्याचा पाय प्लस, त्याच्या तिरक्या समोरचा मायनस, उरलेले दोन एसी. एक एसी पाय लायटिंगच्या वायरीला, दुसरा चासीला. प्लस स्विचकडे, आणि मायनस वेगळ्या वायरीनं थेट बल्बाच्या काळ्या वायरीला. बसवायला हॉर्नच्या कव्हरमागे जागा असते आणि पत्र्याला टेकला की गारही राहतो.

आता याच मायनसला कुठे चासी लागली तर काय होतं? उलट्या अर्ध्या लहरीत करंटला बल्बातून जायची गरजच उरत नाही. तो एका डायोडमधून सरळ कॉइलकडे परत जातो, म्हणजे शॉर्टच. पण मॅग्नेटोचा करंट मुळात मर्यादित, त्यामुळे धूर निघत नाही आणि काही कळतही नाही. उजेड अर्धा, टेललाइट मंद, ब्रिजला बोट लावलं तर चटका. मेकॅनिक म्हणतो बल्ब खराब, दुकानदार म्हणतो बॅटरी टाका. दोघंही चूक.

बल्ब घेतानाच मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक काळ्या वायरीला आणि दुसरं धातूच्या कॉलरला लावा. बीप वाजली तर तो बल्ब ठेवून द्या, कारण कॉलर रिफ्लेक्टरला लागते, रिफ्लेक्टर डुमाला (हेडलाइटच्या बाहेरच्या डब्याला) आणि डूम हँडलला. कॉलरवर टेप गुंडाळायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. मिलिमीटरभर बल्ब सरकला तरी फोकसचा विचका होतो.

दुसरा शहाणपणा म्हणजे डिपरनंतर अप्पर-लोअरला दोन वेगळे ब्रिज लावणं. कागदावर सुरेख दिसतं. प्रत्यक्षात दोघांचे मायनस बल्बात एकत्र येतात आणि उलट्या लहरीत चासीकडून दुसऱ्या ब्रिजमधून करंट शिरतो. लोअर लावला तरी अप्पर अर्धवट पेटलेला, आणि समोरून येणारा शिव्या घालतो. ब्रिज एकच, आणि तो डिपरच्या आधी.

त्यातही एक मेख आहे. ऑन-ऑफ आणि डिपर एकाच डबीत आतून जोडलेले असतील तर टेललाइटही प्लसवर येतो, पण त्याची अर्थिंग चासीलाच राहते. मग त्याला अर्धीच लहर मिळते आणि उजेड तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मागून ट्रक येत असताना ही काटकसर नको. छोटा रिले (विजेनं चालणारा स्विच) घ्या: कॉइल डीसीवर, संपर्क एसीवर, टेललाइट संपर्कातून. रिलेची कॉइल एसीवर लावली तर तो नुसता घरघरतो, म्हणून बाइकसाठी मिळणारी तयार रिले किट इथे जशीच्या तशी चालत नाहीत.

लुकलुक पूर्ण जायला प्लस-मायनसमध्ये कपॅसिटर लागतो. एक अँपिअरचा बल्ब आणि दोन शिखरांमधलं अंतर 10 मिलीसेकंद धरलं, तर 1000 मायक्रोफॅरडला 10 व्होल्टची घसरण होते, 4700 ला दोनची. म्हणून 4700. आणि 16 व्होल्टचा अजिबात नको. 13 व्होल्ट एसीचं शिखर 18 च्या पुढे जातं, 16 वाला फुगून फुटतो. 35 घ्या, 50 मिळाला तर उत्तम. बल्बही 9 ते 30 व्होल्ट चालणाराच हवा, नुसतं ‘12 व्होल्ट’ लिहिलेला नको. पंख्याचा तर घेऊच नका. मागे स्पीडोमीटरची केबल आणि हँडलची नळी, पंख्याला श्वास घ्यायला जागा कुठली?

एवढं झाल्यावर हिवाळाभर मी याला पाच तारे दिले असते. लोअरचा उजेड रस्त्यावर नीट पसरतो, आयडलिंगलाही स्थिर.

मग जून आला. 6500 केल्विनचा पांढरा उजेड ओल्या डांबरावर पडतो आणि गायब होतो. खड्ड्यातलं पाणी आणि रस्ता एकाच रंगाचे दिसतात, खंबाटकीच्या धुक्यात तर पुढ्यात पांढरा पडदाच. दोन तारे तिथेच गेले. 4300 च्या आसपासचा पिवळसर एलईडी याच किमतीत मिळतो, घ्यायचाच तर तोच घ्या. आणखी एक, पंखा नसलेला बल्ब तापला की स्वतःच उजेड कमी करतो. दुकानात दोन मिनिटं पाहिलेला उजेड पंधरा मिनिटांनंतर तेवढाच राहत नाही.

म्हणून आता मत असं झालंय की बहुतेकांनी एलईडीच्या नादी न लागता एचएस1 हॅलोजन लावावा. जुना पिनांचा 35/35 वॅटचा बल्ब अप्परला 650 आणि लोअरला 465 ल्यूमेनचा. एचएस1 तेवढ्याच वॅटमध्ये 825 आणि 525. मॅग्नेटोवर जादा भार नाही, एसीवर बिनतक्रार चालतो, ब्रिज-कपॅसिटरची भानगड नाही. टोपी वेगळी असल्यामुळे रिफ्लेक्टर-होल्डर बदलावा लागतो, नाना पेठेत मिळतो. त्याच्या जागी एच4 60/55 मात्र बसवू नका. मॅग्नेटो तेवढा पुरवू शकत नाही, व्होल्टेज बसतं आणि उजेड आधीपेक्षा पिवळा होतो.

पण त्याहीआधी फुकटातलं काम करा. इंजिन मध्यम रेसवर ठेवून मीटर एसीवर घ्या, आरआरपाशी आणि बल्बाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा. तारेच्या बल्बला 12 च्या जागी 11 मिळाले तर पाव उजेड जातो. बहुतेक गाड्यांत हँडलची अर्थिंग सडलेली असते आणि करंट स्टिअरिंगच्या छऱ्यांतून, ग्रीसमधून वाट काढत असतो. साध्या बल्बाच्या होल्डरपासून इंजिनापर्यंत 1 चौरस मिमीची वेगळी वायर ओढा. हे झाल्यावर निम्म्या लोकांची तक्रार तिथेच संपेल, असं मला वाटतं.

आरआरपाशी 15 च्या वर दिसले तर युनिट गेलं समजा, किंवा त्याच्या बुडाखालच्या रंगामुळे त्यालाच अर्थिंग मिळत नाहीये. एलईडीवाल्यांनी हे जास्त जपावं. हेडलाइट कमी ओढायला लागला की उरलेला भार आरआर स्वतःत जिरवतं, जुनं युनिट तापून जातं आणि मग टेललाइटचे बल्ब एकामागून एक उडतात.

फोकस लावताना गाडीवर माणूस बसलेला हवा. भिंतीपासून 5 मीटरवर लोअरची वरची कड बल्बाच्या उंचीपेक्षा 5 ते 7 सेंटिमीटर खाली ठेवा. माझ्या गाडीत एलईडी अजून आहे, कारण वायरिंग झालंय आणि पैसे गेलेत. पुढच्या मे महिन्यात पिवळसर लावणार, आणि त्याचीही कॉलर आधी मीटरवर तपासणार.