गुडघ्यांना झेपेल ती वाट: ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ३६६ नकाशा

दापोली तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. समोच्चरेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचा, धडा आला की फळ्यावर एकात एक वेटोळी काढायची आणि मुलांना सांगायचं, रेषा खेटून आल्या की चढ उभा, सुट्या सुट्या झाल्या की चढ मंद. मुलं ते पाठ करायची, प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत लिहायची आणि गुण घेऊन जायची. मी स्वतः मात्र त्या रेषा वाचून एकदाही डोंगर चढले नव्हते. ते घडलं निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, तेही स्कॉटलंडमधल्या ४१८ मीटर उंचीच्या एका लहानशा डोंगरावर. ज्या नकाशामुळे घडलं, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे.

लेक स्टर्लिंगला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो होतो. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओचिल डोंगररांगेचं पश्चिमेकडचं टोक दिसतं. त्या टोकाला डमायट. तिथले लोक ‘डम-आय-अट’ असं तोडून म्हणतात. रोज भांडी विसळताना तो समोर असायचा. लेक म्हणाली, “आई, विद्यापीठातली पोरं संध्याकाळी धावत जाऊन येतात तिथे. तुला आणि बाबांना सहज जमेल.”

पहिल्या दिवशी आम्ही फोनच्या भरवशावर निघालो. फोनमधल्या एका मोफत नकाशाने सगळ्यांत जवळची वाट दाखवली, पायथ्याच्या ब्लेअरलोगी गावातून सरळ वर. जवळची म्हणजे सोपी असं आम्ही धरून चाललो. पाऊण तासात गवताचा उभा चढ, पायाखाली सुटे दगड आणि माझा उजवा गुडघा, सगळं एकदम अंगावर आलं. ह्यांनी वर बघितलं, मी खाली बघितलं आणि एक शब्द न बोलता आम्ही परत फिरलो. चढायला लागला त्याहून जास्त वेळ उतरायला लागला. घरी आल्यावर मला गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा दुसरीच गोष्ट लागली होती. आयुष्यभर शिकवलेली विद्या पिशवीत असताना मी ती बाहेर काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले. ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था; तिचे दोन प्रकारचे नकाशे फळीवर शेजारी शेजारी होते. गुलाबी मुखपृष्ठाचे लँडरेंजर १:५०,००० प्रमाणाचे, म्हणजे २ सेंटीमीटरला १ किलोमीटर. केशरी मुखपृष्ठाचे एक्सप्लोरर १:२५,००० प्रमाणाचे, म्हणजे ४ सेंटीमीटरला १ किलोमीटर. आपल्या टोपोशीटची, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांची, सवय असल्यामुळे हात आधी गुलाबीकडेच गेला. पण दोन्ही उघडून बघितल्यावर फरक कळला. केशरी नकाशात शेतांच्या हद्दी आहेत, प्रत्येक भिंत आणि प्रत्येक कुंपण, बारीक काळ्या रेघेने. पायी चालणाऱ्याला त्याचं मोल किती, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गडगा (दगडी कुंपण) कुठे आहे आणि बेडं (कुंपणातून जायची वाट) कुठे आहे हे माहीत नसेल, तर समोर दिसणाऱ्या घरी पोचायलाही अर्धा तास लागतो. मी ३६६ क्रमांकाचा एक्सप्लोरर घेतला, ‘स्टर्लिंग आणि ओचिल हिल्स, पश्चिम’. साधी कागदी प्रत, साधारण दहा पौंडांच्या घरात. त्यात एक सांकेतिक क्रमांक मिळतो, तो वापरून हाच नकाशा फोनमध्येही उतरवून घेता येतो.

रात्री लेकीच्या जेवणाच्या टेबलावर तो पसरला. टेबल पुरलं नाही. डमायट शोधून मी चष्मा पुसला आणि बोट ठेवलं. दक्षिणेच्या बाजूला समोच्चरेषा इतक्या दाटल्या होत्या की कागद केशरीच दिसत होता. ब्लेअरलोगीपासून माथा सरळ रेषेत साधारण किलोमीटरभर आणि चढ साडेतीनशे मीटरहून जास्त. पश्चिमेकडे, शेरिफम्यूरच्या रस्त्याच्या बाजूला, त्याच रेषा सैल पडलेल्या. तो रस्ताच मुळी दोनशे मीटरच्या वर आहे. तिथून माथा जवळजवळ अडीच किलोमीटर, पण चढायचं उरतं जेमतेम दोनशे मीटर. म्हणजे अंतर अडीचपट आणि चढ जवळपास निम्मा. आदल्या दिवशी आम्ही नेमके चुकीच्या बाजूने भिडलो होतो आणि ते कागदावर लख्ख लिहिलेलं होतं. मी ह्यांना हाक मारली, “इकडे या, हे बघा!” हे आले, वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “एवढं सगळं यात असतं?” सत्तावीस वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाने मला हे विचारलं नव्हतं. दोष मुलांचा नव्हता. मी त्यांना कधी बाहेर नेलंच नाही.

दक्षिणेची बाजू एवढी उभी का, तेही इथे सांगते, कारण नकाशा हाती आला की असे प्रश्न आपोआप पडतात. ओचिलच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम असा मोठा प्रस्तरभंग आहे, म्हणजे जिच्यालगत खडक सरकले आहेत अशी भेग. त्याच्या उत्तरेला सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा कठीण खडक, दक्षिणेला कोळशाच्या थरांचा मऊ खडक. मऊ झिजला, कठीण उभा राहिला. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण वयाने कितीतरी धाकटा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आणि ज्या रेषांवरून मी वाट ठरवली, त्यांचंही या मुलखाशी नातं आहे. स्कॉटलंडमधल्याच शिहॅलियन डोंगरावर १७७४ साली पृथ्वीची घनता काढण्यासाठी मोजमापं झाली. डोंगराचं आकारमान काढताना गणितज्ञ चार्ल्स हटन यांच्यापुढे शेकडो उंच्यांचा ढीग पडला होता, तेव्हा त्यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. खुद्द ऑर्डनन्स सर्व्हे १७९१ सालचा. ऑर्डनन्स म्हणजे तोफा-दारूगोळा. त्याची मुळं जातात ती १७४५ च्या बंडानंतर लष्कराने केलेल्या स्कॉटलंडच्या मोजणीत. सैन्य कुठून न्यायचं हे ठरवायला जे सुरू झालं, ते आज माझ्यासारखीला आपली वाट ठरवायला उपयोगी पडतं, याचा मला मनापासून आनंद वाटला.

नकाशाबद्दल एक गोष्ट मात्र आधीच कळायला हवी. इंग्लंडच्या एक्सप्लोररवर ज्या पायवाटांवर जनतेचा कायदेशीर हक्क आहे, त्या हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात. स्कॉटलंडच्या नकाशावर त्या नाहीत. मला आधी वाटलं, छपाईत राहिल्या. जावयांनी समजावलं. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्याच मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्यामुळे नकाशावरची काळी तुटक रेघ एवढंच सांगते की इथे जमिनीवर पायवाट आहे. पुढचं भान आपलं. उभ्या पिकातून जायचं नाही, घरांच्या अंगणात शिरायचं नाही, फाटक जसं होतं तसंच मागे ठेवायचं, मेंढ्यांची पिल्लं असतील तर लांबून जायचं. आमच्याकडे आगरातून जाताना “येऊ का हो?” अशी हाक घालतात. तिथे हाक ऐकायला चिटपाखरू नव्हतं, फक्त मेंढ्या. मी तरीही पहिल्या फाटकापाशी हळूच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी लेकीने शेरिफम्यूरच्या रस्त्याकडेला गाडी लावली आणि आम्ही चौघं निघालो. डब्यात दशम्या, लसणीची चटणी आणि घरून नेलेल्या आमसुलांचं सार. सुरुवातीला चिखल, मग मऊ गवताचा लांब चढ. मी दर थोड्या वेळाने थांबून नकाशा बघत होते. कुंपण ओलांडायचं कुठे ते ताडून घेतलं आणि ते तिथेच निघालं. नकाशावर रेषा जिथे पांगल्या होत्या, तिथे खरोखरच सपाटी आली आणि आम्ही बसून पाणी प्यालो. पुढच्या वळणानंतर रेषा जरा खेटणार हे मला आधी ठाऊक होतं, म्हणून तो चढ लागला तेव्हा धसका बसला नाही. वाटेने चालताना पुढे काय येणार ते माहीत असणं, आपल्या वयाच्या माणसाला याहून मोठा आधार नाही. दम पुरवून वापरता येतो.

माथ्यावर दगडांनी भरलेली लोखंडी टोपली आहे, पूर्वीच्या इशाऱ्याच्या जाळाची आठवण. शेजारी आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचं स्मारक. खाली स्कॉटलंडचा स्वातंत्र्यवीर वॉलेस याचं १८६९ साली पुरं झालेलं उंच स्मारक खुंटीएवढं दिसत होतं आणि त्यापलीकडे फोर्थ नदी. ती नदी बघून माझे डोळे भरून आले. नागमोडी वळणांची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढत असे. ती इथे जिवंत, चकाकत, एका वळणातून दुसऱ्या वळणात जात होती. नकाशा गुडघ्यावर घेऊन मी एकेक वळण जुळवत बसले. ह्यांनी दोनदा “चला, वारा लागतोय” म्हटलं, तरी उठवेना.

आता उणिवा. कागदी प्रत वाऱ्यात उघडू नका. माथ्यावर ती शिडासारखी फुगली आणि एका घडीवर फाटली. हवा तेवढाच भाग वर येईल अशी घडी घरीच घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, नाहीतर पावसात टिकणारी लॅमिनेट केलेली महाग प्रत घ्यावी. ती मात्र जड आणि फुगीर असते. अक्षरं बारीक, साठीच्या पुढे भिंग लागतंच. शिवाय लोकांनी नव्याने पाडलेल्या वाटा नकाशावर नसतात. डमायटवर पायवाटा केसांच्या बटांसारख्या फुटतात आणि पुन्हा एक होतात, नकाशावर रेघ एकच. दोनदा आम्ही ‘ही की ती’ करत उभे राहिलो. दोन्ही वेळा चढाची दिशा बघून ठरवलं आणि बरोबर निघालं. चिखल किती असेल हे काही नकाशा सांगत नाही, त्यामुळे घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच. इतकं धरूनही, स्कॉटलंडला मुलांकडे जाणाऱ्या आणि लहानसहान डोंगरावर आपल्या पायांनी जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, ज्या गावी उतरणार तिथला एक्सप्लोरर पहिल्याच आठवड्यात घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन.

घरी परतल्यावर मला चैन पडेना. आमच्या वाडीमागेही डोंगर आहे. वर कातळाचा सडा, तिथून हर्णैचं बंदर आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर जाते. आता पाखाडीच्या पायऱ्या गुडघ्याला सोसत नाहीत, म्हणून दोन वर्षं गेलेच नव्हते. दुसरी मंद वाट असेल का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, कारण वाट म्हणजे पाखाडी.

किनारपट्टीची टोपोशीट वर्षानुवर्षं सर्वसामान्यांना मिळत नसत. आमच्या प्रयोगशाळेतही देशावरचीच पत्रकं होती. दापोलीची मुलं स्वतःचं गाव सोडून परक्या गावांच्या समोच्चरेषा मोजत. ही माझ्या मनातली जुनी सल आहे. आता भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून ओपन सीरीजचे नकाशे घरबसल्या उतरवता येतात. भाच्याने मला आमच्या भागाचा काढून दिला आणि दापोलीतून मोठा छापून आणला. प्रमाण १:५०,०००, दोन समोच्चरेषांमध्ये २० मीटरचं अंतर. आमच्या डोंगरावर म्हणून मोजक्याच रेषा येतात. गडगे नाहीत, बेडं नाही, पाखाडीही नाही. एक्सप्लोररशी तुलना केली तर फार उघडा वाटतो. पण त्या मोजक्या रेषा उत्तरेकडे, वहाळाच्या (ओढ्याच्या) अंगाला, स्पष्ट पांगलेल्या आहेत. मी तो कागद घेऊन थोरल्या जाऊबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, “अगो, ती बैलवाट. आमचे सासरे भाताचे भारे तिथनंच आणीत.”

गेल्या फाल्गुनात आम्ही दोघी त्या वाटेने सड्यावर जाऊन आलो. करवंदीच्या जाळ्यांनी दोन ठिकाणी अडवलं, पण चढ कुठेही दमवणारा नाही. वाटेतले गडगे, तीन बेडी, विहीर आणि देवराईची कड मी तांबड्या पेन्सिलीने त्या छापील कागदावर भरली आहे, पावलं मोजून. वहाळ ओलांडायची जागा अजून भरायची राहिली, कारण तिथला साकव (लहान पूल) पडला आहे आणि दगडांवरून उतार कुठे मिळतो ते जाऊबाईंनाही आठवेना. दसऱ्यानंतर गवत वाळलं की तेवढं बघून यायचं ठरलं आहे.