पाणी चढणारा पेला की उडी मारणारी ज्योत?

मुलांना मेणबत्तीचा प्रयोग दाखवायचा म्हटलं की बहुतेक घरांत दोघांपैकी एक निघतो. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून वर काचेचा पेला उपडा घालायचा, किंवा मेणबत्ती फुंकून तिच्या धुराला पेटती काडी लावायची. पहिल्यात पाणी पेल्यात चढतं, दुसऱ्यात ज्योत धुरावरून घसरत वातीवर येऊन बसते. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत दोन्ही इतक्या वेळा झालेत की फरशीवरचं मेण अजून निघालेलं नाही.

सोय बघाल तर पेला उजवा. पाण्यात शाईचे दोन थेंब टाकले की लांबूनही दिसतं. धुराला मात्र हवा अगदी स्तब्ध लागते, म्हणजे पंखा बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात मुंबईत हे करून बघा. जुलैत तर काडेपेटीच सादळलेली असते. त्यावर उपाय म्हणून आम्ही काडीऐवजी दुसरी पेटती मेणबत्तीच वापरतो.

तरीही माझं मन पेल्यावरून उडालं, ते लेकीच्या एका प्रश्नाने. "पेल्यातला प्राणवायू जळून संपला, तो हवेचा पाचवा हिस्सा, म्हणून तेवढं पाणी आत आलं," असं लहानपणी पाठ केलेलं उत्तर मी ठोकून दिलं. ती म्हणाली, "बाबा, पण ज्योत जळत होती तेव्हा पाणी जेमतेम हललं. विझल्यावर झपकन चढलं."

पुन्हा करून पाहिलं. तिचं खरं होतं. पेला टेकवताना कडेने बुडबुडेही सुटत होते. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी आणखी वर! पेला तोच, प्राणवायू तेवढाच. खरं कारण मुख्यतः उष्णतेचं: तापलेली हवा फुगून थोडी बाहेर निसटते, ज्योत विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हा आत प्राणवायू चांगला शिल्लक असतो. लेकीने शाळेच्या प्रदर्शनात हेच सांगितलं. परीक्षक म्हणाले, "पाचवा हिस्सा राहिला ना सांगायचा." ती घरी येऊन माझ्यावरच चिडली. काय बोलणार?

धुराच्या प्रयोगात असं पाठ केलेलं उत्तर मध्ये येत नाही. तो पांढरा धूर म्हणजे मेणाच्या वाफेचे थिजलेले बारीक कण. जळते ती वाफ. वात नुसती वितळलेलं मेण वर ओढते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यातल्या पहिल्यातच ही उडी आहे. काचेच्या वाकड्या नळीतून ज्योतीच्या पोटातली वाफ बाहेर काढून त्याने ती दुसऱ्या टोकाला पेटवलीही होती. ते धाडस आम्ही केलं नाही.

प्रदर्शनात टेबल मांडायचं असेल, तर पेलाच न्या, मी आडवा येणार नाही. फक्त उत्तर नीट सांगा. घरी एकच करायचा असेल तर मी धूर निवडेन. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्यांचा धूर पुरत नाही. माउंट मेरीच्या जत्रेतून आणलेल्या एका जाड मेणबत्तीने आमच्याकडे सगळ्यात छान काम केलं. केस बांधा, आणि पेटती काडी किंवा मेणबत्ती मुलांकडे न देता तुमच्याच हातात ठेवा. उडी आम्ही बोटांनी मोजतो. सध्याचा विक्रम तीन बोटांचा आहे, तोही पंखा बंद ठेवून, घामाच्या धारांत.