आरसी ट्रक दुरुस्तीला देताय? आधी हे वाचा

चारही चाकं वळणाऱ्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, मॉन्स्टर ट्रकचं स्टिअरिंग बिघडलं, तर ठाणे-नवी मुंबईत तो उघडून बघणारी माणसं मोजकीच. त्यांतल्या एकाने मला साडेनऊ हजारांना लुबाडलं. त्याची पद्धत इतकी बेमालूम आहे की तो पुढच्यालाही तसाच गंडवेल, म्हणून सगळं लिहितोय.

माझा ट्रक टामियाचा क्लॉड बस्टर. १९८७ साली आलेलं मॉडेल. मूळ रचनेत चासीच्या मधे एकच सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) असतो आणि तिथून दोन्ही अ‍ॅक्सलना लांब दांडे जातात. एवढ्या मोठ्या टायरांना ते पुरत नाही, म्हणून बरेच जण पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर वेगवेगळे सर्वो बसवतात. माझ्या गाडीतही तसेच दोन होते.

येऊरच्या पायथ्याशी मातीत चालवताना मागची चाकं मधोमध येईनाशी झाली. पुढची सरळ, मागची तिरपी. गाडी खेकड्यासारखी चालायची. दगडाला अडकलेलं चाक जोरात वळवलं की क्षणभर सगळंच बंद पडायचं. हॉबीवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाशीच्या बाजूच्या एका माणसाचा नंबर मिळाला. त्याने गाडी चालू केली, दोनदा स्टिअरिंग फिरवलं आणि सांगून टाकलं, ‘‘दादा, रिसीव्हर उडालाय. त्याच्यामुळे दोन्ही सर्वो पण गेलेत.’’ रिसीव्हर म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग.

२५ किलो ताकदीचे दोन मेटल गिअर सर्वो ५,६०० रुपये, रिसीव्हर २,४०० आणि मजुरी १,५००. पैसे आगाऊ, यूपीआयवर. बिल मागितलं तर म्हणाला, हॉबीच्या कामाला कोण बिल देतं? जुने पार्ट मागितले तर म्हणे, जळका माल फेकून दिला.

घरी आणल्यावर दुखणं जागच्या जागी. गाडी उलटी करून पाहिली आणि डोकंच सणकलं. मागच्या अ‍ॅक्सलच्या स्टिअरिंग रॉडचे स्क्रू बघा: त्यांच्या खाचांत येऊरची तांबूस माती गच्च बसलेली, सुकून कडक झालेली. त्या स्क्रूंना पाना सोडा, साधा ब्रशसुद्धा लागला नव्हता. आणि बिघाड नेमका तिथेच होता. रॉडच्या टोकाचे प्लास्टिकचे बॉल एंड (गोळीवर फिरणारे सांधे) झिजून सैल झाले होते. सर्वोचं हॉर्न (सर्वोवरचा फिरता छोटा दांडा, ज्याला रॉड जोडतात) जागेवर स्थिर असताना चाक बोटाने खुटखुट हलत होतं.

ही तपासणी कोणालाही जमते. गाडी उचलून धरा, चालू करा, चाक हाताने हलवा. हॉर्न न हलता चाक हललं तर दोष बॉल एंडमध्ये किंवा बुशमध्ये (सांध्यातल्या कडीत). हॉर्नही हललं तर सर्वो सेव्हरची (सर्वोला धक्क्यांपासून वाचवणाऱ्या भागाची) स्प्रिंग सैल आहे किंवा सर्वोचे गिअर गेलेत. मग रॉड हॉर्नपासून सोडवा आणि नुसता सर्वो फिरवून बघा. तो दर वेळी बरोबर मधे येत असेल तर सर्वो चांगला आहे, बदलू देऊ नका.

मधेच बंद पडण्याचं कारण वेगळं, आणि खरी फसवणूक इथेच होते. दोन ताकदवान सर्वो एकदम अडले की कित्येक अँपिअर खेचतात. अनेक ईएससींच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) आतला बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना वीज पुरवणारा भाग, दोन-तीन अँपिअरचाच असतो. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो. माहिती नसलेल्या माणसाला तो ‘उडाला’ हे लगेच पटतं. उपाय म्हणजे वेगळा यूबीईसी (बाहेरून बसवायचा बीईसी), काही शे रुपयांचा. तो रिसीव्हरला जोडताना ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून ठेवायची, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांत भिडत नाहीत.

मग त्याने बसवलेले सर्वो तपासले. सामान तोलायचा काटा हॉर्नच्या दोन सेंटिमीटरवरच्या भोकात अडकवला. २५ किलो-सेंटिमीटरचा सर्वो तिथे साधारण साडेबारा किलो ओढायला हवा. सहा व्होल्टवर थोडं कमी धरलं तरी नऊ-दहा. हा चारावर थांबला. २५ किलोचा स्टिकर नखाने उचलला तर खाली दुसराच स्टिकर. झाकण उघडलं तर एक गिअर पांढऱ्या प्लास्टिकचा.

त्याच सुमारास ग्रुपवर त्याने एक ‘थोडा वापरलेला’ रिसीव्हर विकायला टाकला. फोटोत त्याच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसत होता. तो ठिपका माझ्या बायकोच्या बाटलीतून मीच लावलेला. जाब विचारल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. हा निव्वळ चोरटेपणा आहे, याला दुसरा शब्द नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची पावती, चॅट आणि तो फोटो जोडलाय. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवाच धरली जाते. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. गाडी आता नवे बॉल एंड आणि यूबीईसी घालून सरळ चालते.

तुमचा ट्रक सध्या अशा कोणाकडे असेल तर आजच मेसेज करून जुने पार्ट राखून ठेवायला सांगा, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.