री:रोझास वापरून कोरिओग्राफी शिकणं: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

कोरिओग्राफी शिकतेय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठलं गाणं बसवताय?" मला गाणं बसवायचं नव्हतं, नाच रचतात कसा ते शिकायचं होतं. क्लासमध्ये टेक्निक भरपूर मिळतं, पण स्वतःचं काही कसं बनवायचं ते बहुतेक ठिकाणी शिकवतच नाहीत. त्यासाठी मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो री:रोझास या ऑनलाइन व्हिडिओंमधून शिकवणाऱ्या प्रकल्पाचा.

बेल्जियमच्या कोरिओग्राफर अ‍ॅन तेरेसा द कीर्समाकर यांचा 'रोझास दान्स्त रोझास' हा १९८३ चा पीस, चार बायका नाचतात, आणि त्यातला खुर्च्यांवर बसून करायचा भाग फार गाजलेला आहे. (२०११ मध्ये बियॉन्सेच्या एका व्हिडिओत यातल्या हालचाली दिसल्या तेव्हा बराच वाद झाला होता.) २०१३ मध्ये त्यांनी तोच भाग री:रोझास या नावाने सगळ्या जगासाठी खुला केला. व्हिडिओत त्या स्वतः आणि सामान्था व्हान विसेन हालचाली सुट्या करून शिकवतात, रचना समजावतात आणि मग म्हणतात आता तुमचं व्हर्जन करा. पैसे नाहीत, चार खुर्च्या आणि थोडी जागा लागते. आम्ही चौघी पावसाळ्यापासून सोसायटीच्या हॉलमध्ये हे करतोय.

हालचाली बघितल्या तर रोजच्याच. केसांतून हात फिरवणं, पायावर पाय टाकणं, मान झटकन वळवणं, पुढे मांडीवर कोसळणं. एकेक सुटी शिकायला अवघड नाही, खरा घाम निघतो तो त्या जोडताना, कारण तेच तेच परत येतं पण कधी चौघी एकदम, कधी एक थांबलेली आणि बाकीच्या पुढे, कधी दोघी एक करतायत तेव्हा दुसऱ्या दोघी भलतंच. मी लहानपणापासून कथक केलंय, मोजण्याची सवय आहे, तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं हे अंगात भिनलेलं, त्यामुळे इथे लूप चालूच राहतो आणि 'आलो' असं वाटायची जागाच मिळत नाही हे सुरुवातीला फार जड गेलं. हळूहळू कळलं की इथे मोजण्याइतकंच शेजारणीचा श्वास ऐकणं आणि नजर पकडणं महत्त्वाचं आहे, एकीने श्वास घेतला की चौघींनी सुटायचं.

आणि मग स्वतःचं व्हर्जन, माझ्यासाठी सगळा खजिना इथेच होता. आम्ही मूळच्या काही हालचाली ठेवल्या आणि काही आमच्या घातल्या: चष्मा वर सरकवणं, घड्याळ बघणं, ओढणी खांद्यावर टाकणं. ओढणीचं गंमतशीर झालं, खरी ओढणी घेतली तर ती हवेत रेंगाळते आणि पुढचा ठोका हुकतो, म्हणून ओढणी काढून टाकली आणि नुसता हात ठेवला, तर ती हालचाल एकदम टोकदार झाली आणि खऱ्या ओढणीपेक्षा जास्त दिसायला लागली. मग भांडणं सुरू झाली, हे दोनदा का, इथे चौघी एकत्र कशाला, थांबायचं किती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हां, आता आपण कोरिओग्राफी करतोय, कारण स्टेप्स कधीच ठरल्या होत्या आणि आम्ही भांडत होतो ते कधी, कोणी आणि किती वेळा यावर.

कुणी करणार असेल तर काही गोष्टी सांगते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या अजिबात घेऊ नका, फरशीवर सरकतात, लाकडी जड खुर्च्या शोधा. मान आणि कंबर नीट गरम केल्याशिवाय सुरुवात करू नका, कारण मान सैल सोडून वाकणं न मोजता येईल इतक्या वेळा होतं. आधी म्युझिकशिवाय करा, चौघींची लय एक झाली की मगच म्युझिक लावा. मोबाईल समोर ठेवून शूट करा, कॅनन (तीच हालचाल एकीमागून एकीने करणं) नाचताना आतून कळत नाही, बाहेरून लगेच दिसतो.

हा एका पीसचा एक भाग आहे, त्यामुळे जमिनीवर लोळणं, पडणं, एकमेकींचं वजन घेणं हे इथे शोधू नका, त्याला शिक्षक हवाच. जोडीला आम्ही अमेरिकन कोरिओग्राफर त्रिशा ब्राउन यांच्या १९७१ च्या 'अ‍ॅक्युम्युलेशन'ची पद्धत घेतली, म्हणजे एक हालचाल, मग एक-दोन, मग एक-दोन-तीन अशी वाढवत न्यायची. एकटीने घरी करायला इतका चांगला सराव मला दुसरा सापडला नाही.

सध्या चौथी मैत्रीण नोकरीसाठी बाहेरगावी गेलीय म्हणून तेच तिघींवर आणतोय. दोन-दोन जोड्या आता होत नाहीत, एक कायम एकटी उरते, आणि ते आम्हाला इतकं आवडलंय की अख्खा पीस तिच्याभोवती परत रचायला घेतलाय.