होडीच्या गादीवाल्या डॅशबोर्डात साउंडर: जळगावच्या सीटवाल्या नानांकडचा अनुभव

गादीचं काम यांना खुशाल द्या. वायरिंग मात्र शेजारी उभं राहून करून घ्या, नाहीतर दुसऱ्याकडे न्या.

दुकान जळगावात, अजिंठा चौफुलीच्या बाजूला. पाटी नाही. ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारे नाना कुठे बसतात, असं कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. ट्रॅक्टर, काळी-पिवळी, फार तर एखादी ट्रॅव्हल्सची बस, अशी त्यांची गिऱ्हाइकी. ट्रॉलीवरची माझी फायबरची होडी पाहून पहिला प्रश्न आला, "हाई काय शे भाऊ?"

होडी हतनूर धरणाच्या पाण्यात चालते, चांगदेवला तापी-पूर्णा मिळतात त्या अंगाला. धरणात गाळ अफाट. पावसाळ्यात दरवाजे उघडले (एकूण ४१ आहेत) की पातळी उतरते आणि कालच्या वाटेवर आज इंजिनाचा पंखा चिखलात फिरतो. म्हणून पाण्याची खोली दाखवणारं साउंडर हवं होतं, सोबत व्होल्टमीटर आणि मोबाइल चार्जिंगचं सॉकेट. अडचण एकच. आधीच्या मालकाने स्टिअरिंगसमोरचा सगळा भाग फोम घालून रेक्झीनने मढवलेला. दिसतो झकास, पण त्यात मीटर बसवणं तापदायक. फोमवर स्क्रू आवळले की फोम दबतो, मीटरची कड एका बाजूने आत जाते, रेक्झीनला चुण्या पडतात आणि कडेखालचं रबर नीट टेकतच नाही. तिथून पाणी आत, फोम ते धरून ठेवतो आणि मागचं प्लाय कुजतं. यंत्रावर आयपी ६७ (धूळ-पाणी आत शिरत नाही याची खूण) लिहिलेलं असलं तरी ते यंत्रापुरतं. भोकाची जबाबदारी आपली.

नानांना हे सांगावं लागलं नाही. यंत्राच्या डब्यातला कागदी साचा त्यांनी डॅशबोर्डवर चिकटवला, आधी खाली वाकून टॉर्चने पाहिलं की मागे स्टिअरिंगची केबल आड येते का. आली. साचा तीन बोटं डावीकडे सरकवला. मग रेक्झीन धारदार पात्याने कापलं, कडेला जितकं राखायचं तितकं राखून. त्याखालचा फोम मीटरच्या कडेच्या रुंदीइतका खरवडून काढला, राखलेलं रेक्झीन थेट प्लायवर ताणून चिकटवलं आणि त्यानंतर कुठे ड्रिलला हात लावला. होल-सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारं दातेरी पातं, सरळ रेक्झीनवर चालवला तर कापडाचा धागा दातांत गुंडाळतो आणि हातभर रेक्झीन उसवून येतं. आता मीटरची कड कडक जागेवर टेकते आणि भोवतीची गादी तिच्याभोवती उशीसारखी उठून दिसते. प्लायची उघडी पडलेली कड त्यांनी इपॉक्सीने बंद केली, तीही न सांगता. प्लाय निघालं साधं कमर्शियल. पाण्यात टिकणारं, आयएस ७१० चं मरीन प्लाय नाही, हे बघून ते आधीच्या कारागिराच्या नावाने बराच वेळ बोलत होते.

एक खोट: रेक्झीन ठोकायच्या पिना साध्या लोखंडी मारतात. पाण्यावरच्या कामाला स्टेनलेसच्या हव्यात. मी आणून दिल्या, तोंड वाकडं केलं, पण मारल्या.

आता वायरिंग. नानांकडे एक पोरगा बसतो, गाड्यांना टेप आणि हॉर्न बसवणारा. हाताला चपळ, पण डोक्यात गाडीच. काळी वायर कसायला तो बॉडीचा बोल्ट शोधत होता! फायबरला कसली आलीय अर्थिंग. प्रत्येक यंत्राची निगेटिव्ह बॅटरीपर्यंत परत न्यावीच लागते. व्होल्टमीटर त्याने थेट बॅटरीवर जोडला, म्हणजे होडी घरी उभी असतानाही तो बॅटरी पीत बसणार. मी मध्ये स्विच टाकायला लावला. जोड पिळून वर टेप गुंडाळायची सवय. तिथे क्रिम्प (दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट-श्रिंक नळी घालून घेतली. फ्यूज डॅशबोर्डखाली सोयीच्या जागी लावत होता, तो बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ घ्यायला सांगितला, कारण वायर मध्येच कुठे घासली तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला काही संरक्षणच राहत नाही. आणि साउंडरच्या, होडीच्या मागच्या टोकाला बसणाऱ्या सेन्सरची केबल लांब होते म्हणून तो कापायला निघाला. ती कापायची नसते. उरलेलीचं वेटोळं करून इंजिनाच्या वायरींपासून लांब बांधायचं. एवढं सगळं सांगितल्यावर मात्र त्याने काम नीट केलं आणि एकदाही वाद घातला नाही. शेवटी विचारतो, "दादा, दोन स्पीकर पण टाकून देऊ का?"

मजुरी साडेतीन हजार घेतली, रेक्झीनचे वेगळे. मुंबईहून माणूस बोलावण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. वेळ पाळत नाहीत, "उद्या" म्हणाले की परवा धरा. जळगावच्या उन्हाळ्यात रेक्झीन चिकटवायचा साधा सोल्यूशन सुटतो, उष्णता सोसणारा वापरा असं आधीच बजावा. माझ्या डॅशबोर्डला अख्ख्या मे महिन्यात फुगा आलेला नाही.

फोन उचलत नाहीत. सकाळी अकराच्या आत जा. उन्हाळ्यात दुपारी शटर अर्धं ओढून नाना शिवायच्या मशीनखालीच झोपलेले असतात.